संगणकावरचे बिटकॉइन वॉलेट: इलेक्ट्रमच्या खिडकीत नेमके काय घडते

इलेक्ट्रम हे संगणकावर चालणारे बिटकॉइन वॉलेट थॉमस वोएग्टलिन यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा बिटकॉइनचे जाळे सुरू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर कितीतरी वॉलेट आली आणि बंद पडली, इलेक्ट्रम मात्र टिकून आहे. ते विनामूल्य आहे, त्याचा पायथन भाषेतला कोड कुणालाही वाचता येतो आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर ते चालते. दिसायला ते जुन्या वळणाचे आहे आणि मोबाइलवरच्या ॲपांची चकचकीत सजावट त्यात नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा गुण म्हणावा लागेल, कारण पत्ता, सही, फी आणि सुटे या ज्या गोष्टी इतर ॲप पडद्याआड उरकून टाकतात, त्या इथे डोळ्यांसमोर घडतात. म्हणून या लेखापुरते उदाहरण इलेक्ट्रमचेच घेतले आहे. बिटकॉइन विकत घ्यावे की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि तो इथे विचारात घेतलेला नाही.

सुरुवातीलाच हे स्पष्ट असावे, की वॉलेट नावाच्या या प्रोग्राममध्ये बिटकॉइन साठवलेले नसतात. कोणत्या पत्त्यावर (पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी वापरली जाणारी अंक-अक्षरांची ओळ) किती रक्कम आहे याची एक सार्वजनिक नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेली असते, तिलाच ब्लॉकचेन म्हणतात, आणि बिटकॉइनचे अस्तित्व त्या नोंदीपुरतेच असते. एखाद्या पत्त्यावरची रक्कम दुसरीकडे हलवायची तर त्या पत्त्याशी गणिताने जोडलेली एक गुप्त संख्या हाती असावी लागते. तिला प्रायव्हेट की म्हणतात. ती वापरून व्यवहारावर डिजिटल सही केली जाते. सही खरी आहे की नाही हे कुणालाही तपासता येते, परंतु सहीवरून ती गुप्त संख्या शोधून काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. वॉलेटचे काम या अनुषंगाने तीन भागांत येते: गुप्त संख्या सांभाळणे, आपल्या पत्त्यांवर किती शिल्लक आहे हे विचारून दाखवणे आणि आपण सांगू तेव्हा सही करून व्यवहार जाळ्यावर पाठवणे.

पुढच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी यातूनच निघतात. लॅपटॉप बिघडला, प्रोग्राम काढून टाकला किंवा हार्ड डिस्क जळाली, तरी गुप्त संख्या पुन्हा मिळवण्याची सोय असेल तर एक पैसाही जात नाही. याच्या उलट, लॅपटॉप टेबलावर सुखरूप असूनही ती संख्या दुसऱ्याच्या हाती पडली, तर रक्कम काही मिनिटांत निघून जाऊ शकते आणि ती परत आणणारी यंत्रणा कुठेही नाही. बँकेत चुकीच्या खात्यावर पैसे गेले तर निदान अर्ज करता येतो. इथे अर्ज कुणाकडे करणार?

एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, ॲपमध्ये दिसणारी शिल्लक आणि इलेक्ट्रममध्ये दिसणारी शिल्लक यांतला फरकही इथेच आहे. एक्सचेंजवर किल्ल्या, म्हणजे त्या गुप्त संख्या, त्या कंपनीकडे असतात आणि आपल्याकडे कंपनीने दिलेला एक आकडा असतो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांना पैसे काढणे अशक्य झाले आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयापर्यंत गेले. ग्राहकांनी काहीही चूक केलेली नव्हती, तरी किल्ल्या त्यांच्याकडे नव्हत्या हे वास्तव त्यांना भोवले. असे असले तरी स्वतःचे वॉलेट प्रत्येकालाच हवे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ज्याची रक्कम थोडी आहे आणि जो ती आठवड्याभरात विकणारच आहे, त्याने सगळी जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेण्यापेक्षा एक्सचेंजचा धोका पत्करणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. रक्कम वर्षानुवर्षे ठेवायची असेल तर मात्र पुढचे सारे शिकून घेण्याला पर्याय नाही.

इलेक्ट्रम एखाद्या मिनिटात सुरू होते, याला कारण आहे. बिटकॉइनची संपूर्ण नोंद स्वतः उतरवून तपासायची असेल तर बिटकॉइन कोअर हा प्रोग्राम वापरावा लागतो आणि त्यासाठी आज ६०० जीबीहून अधिक जागा व कित्येक तासांचा, कधी कधी दिवसांचाही, वेळ लागतो. इलेक्ट्रम ही संपूर्ण नोंद उतरवत नाही. ते इंटरनेटवरच्या इलेक्ट्रम सर्व्हरना विचारते, की या पत्त्यांचे व्यवहार कोणते. सर्व्हर जे सांगेल त्यावर ते आंधळा विश्वासही ठेवत नाही: व्यवहार ज्या गठ्ठ्यांनी नोंदीत चढतात त्यांना ब्लॉक म्हणतात, प्रत्येक ब्लॉकचे केवळ ८० बाइटचे एक शीर्षक असते, त्या शीर्षकांची साखळी इलेक्ट्रम तपासते आणि आपला व्यवहार खरोखर त्या ब्लॉकमध्ये आहे याचा गणिती पुरावा सर्व्हरकडून मागून घेते. त्यामुळे सर्व्हर खोटा व्यवहार ब्लॉकमध्ये असल्याचे भासवू शकत नाही आणि आपले पैसेही चोरू शकत नाही. तो काय करू शकतो, हेही माहीत हवे. तो एखादी नोंद लपवू शकतो, आणि मुख्य म्हणजे कोणते पत्ते एकाच वापरकर्त्याचे आहेत व ती विचारणा कोणत्या इंटरनेट जोडणीवरून आली हे त्याला कळते. ज्यांना हे खटकते ते टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून जोडणी करतात किंवा स्वतःचा सर्व्हर चालवतात. खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा गोल हिरवा असेल तर जोडणी ठीक आहे, निळा असेल तर ती प्रॉक्सी म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्गे आहे आणि लाल असेल तर जोडणीच नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

आता प्रोग्राम उतरवून घेण्याविषयी, कारण अनेक मोठी नुकसाने या पायरीवर झालेली आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये काही चोरांनी मोठ्या संख्येने स्वतःचे इलेक्ट्रम सर्व्हर उभे केले. वापरकर्त्याचे वॉलेट योगायोगाने अशा सर्व्हरला जोडले गेले आणि त्याने पैसे पाठवायचा प्रयत्न केला, की व्यवहार पुढे पाठवण्याऐवजी सर्व्हर काहीतरी चूक झाल्याचा एक संदेश परत करी. त्या काळच्या आवृत्तीत सर्व्हरकडून आलेला मजकूर ठळक अक्षरे आणि दुवे यांच्यासह जसाच्या तसा दाखवला जाई, त्यामुळे इलेक्ट्रमच्याच खिडकीत, इलेक्ट्रमचाच वाटावा असा संदेश उमटे: सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घ्या, ती या दुव्यावर आहे. दुवा गिटहब या प्रोग्रामचे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाचा होता. ती ‘नवी आवृत्ती’ बसवून उघडली की वॉलेटमधली सगळी रक्कम चोरांच्या पत्त्यावर जाई. या प्रकारात बिटकॉइनचे गणित कुणी मोडले नव्हते आणि पासवर्डही कुणी ओळखला नव्हता. खिडकीतल्या एका वाक्यावर माणसाने विश्वास ठेवावा, एवढाच तो डाव होता. ३.३.३ या आवृत्तीपासून सर्व्हरचे असे संदेश दाखवणेच बंद झाले. तरीही जुनी आवृत्ती वापरणारे बळी पडत राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये एका वापरकर्त्याने आपले १,४०० बिटकॉइन याच पद्धतीने गेल्याचे जाहीरपणे सांगितले. अनेक वर्षांनी जुने वॉलेट उघडणाऱ्याने तर पैसे पाठवण्याआधी प्रोग्राम अद्ययावत करणे अत्यंत गरजेचे आहे, आणि तेही खिडकीत आलेल्या कुठल्याही दुव्यावरून न करता.

अधिकृत संकेतस्थळ इलेक्ट्रम डॉट ओआरजी हे आहे. शोधयंत्रात नाव टाकून वर येणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नये. जवळपास तेच नाव असलेली बनावट संकेतस्थळे जाहिराती देऊन वर येत असतात. पत्ता स्वतः टंकित करावा आणि उतरवलेल्या फाइलीची सही तपासावी. हे काम ऐकायला जड वाटते, पण ते एकदा समजून घेतले की दहा मिनिटांचे आहे. संकेतस्थळावर प्रोग्रामच्या फाइलीसोबत एक लहानशी सहीची फाइल असते. विंडोजवर जीपीजी४विन हा विनामूल्य संच बसवला की त्यासोबत क्लिओपात्रा नावाचा प्रोग्राम मिळतो. त्यात इलेक्ट्रमच्या विकासकांची सार्वजनिक की, म्हणजे त्यांची सही तपासण्याची किल्ली, आणायची आणि मग सहीची फाइल उघडायची. सही बरोबर असल्याचा निर्वाळा मिळाला, तर विकासकाने सही केली तेव्हापासून फाइलीत एका अक्षराचाही बदल झालेला नाही. नवखा माणूस गोंधळतो तो पुढच्या ओळीने. सही बरोबर असूनही खाली एक इशारा येतो, की ही की विश्वासू म्हणून प्रमाणित केलेली नाही. त्याचा अर्थ फाइल सदोष आहे असा होत नाही. ही की खरोखर त्या विकासकाची आहे असे तुम्ही स्वतः अजून या प्रोग्रामला सांगितलेले नाही, इतकेच तो इशारा म्हणतो. की खरी आहे याची खात्री करण्यासाठी तिचा ठसा, म्हणजे अंक-अक्षरांची लांब ओळ, एकाहून अधिक स्वतंत्र ठिकाणी पडताळून पाहावा, कारण संकेतस्थळच बनावट असेल तर त्यावरचा ठसाही बनावटच असणार. सही चुकीची निघाली, तर मात्र फाइल तत्काळ काढून टाकावी आणि तिचा विचार करू नये.

प्रोग्राम पहिल्यांदा उघडल्यावर वॉलेटच्या फाइलीला नाव विचारले जाते, मग वॉलेटचा प्रकार. त्यात ‘स्टँडर्ड वॉलेट’ हा पर्याय बहुतेकांसाठी योग्य असतो. त्यानंतर ‘नवे सीड तयार करा’ हा पर्याय निवडला की पडद्यावर बारा इंग्रजी शब्द येतात, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मौल्यवान ऐवज तो हाच. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. यादीतला प्रत्येक शब्द ११ बिट माहिती धरतो, म्हणून बारा शब्दांचे मिळून १३२ बिट होतात, आणि जितके वेगवेगळे संच त्यातून संभवतात ते एकेक करून तपासत बसणे कुणालाही शक्य नाही. वॉलेटमधले सगळे पत्ते आणि त्यांच्या सगळ्या गुप्त संख्या या बारा शब्दांतून ठरलेल्या क्रमाने निपजतात. त्यामुळे शब्द आणि त्यांचा क्रम जपला की बाकी सगळे पुन्हा उभे करता येते.

शब्द कागदावर हाताने लिहावेत. मोबाइलने फोटो काढू नये, स्वतःला ईमेल करू नये, व्हॉट्सॲपवर ‘सेव्ह’ करू नये. फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि तिथे कोणकोण पोचते यावर आपले नियंत्रण राहत नाही. कागद पावसाळ्यात ओला होतो, वाळवी लागते, आवरासावरीत रद्दीत जातो, म्हणून दोन प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात. रक्कम मोठी असेल तर काही जण शब्द धातूच्या पट्टीवर कोरून घेतात. इलेक्ट्रम पुढच्या पायरीवर तेच शब्द पुन्हा टंकित करायला लावते, ते तुम्ही खरोखर लिहून घेतले की नाही हे पाहण्यासाठीच. अनेक लोक इथे कॉपी-पेस्ट करू पाहतात आणि ते जमत नाही म्हणून चिडतात. त्या चिडण्यात वेळ घालवण्यापेक्षा आणखी एक कसोटी घ्यावी: थोडीशी रक्कम मागवावी, वॉलेटची फाइल दुसरीकडे हलवावी आणि केवळ कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट परत उभे करून पाहावे. रक्कम दिसली तर कागद बरोबर आहे. मोठी रक्कम त्यानंतरच आणावी.

इलेक्ट्रमचे बारा शब्द इतर वॉलेटच्या बारा शब्दांसारखेच दिसतात, पण त्यांची रचना वेगळी आहे. बहुतेक मोबाइल आणि हार्डवेअर वॉलेट बीआयपी-३९ नावाचा प्रघात पाळतात; इलेक्ट्रमने स्वतःची पद्धत ठेवली आहे, जिच्यात वॉलेटचा प्रकार कोणता हे शब्दांमध्येच गुंफलेले असते. परिणाम असा, की इलेक्ट्रमचे शब्द दुसऱ्या ॲपमध्ये टाकले तर बहुधा ते चुकीचे असल्याचे उत्तर येते आणि माणूस घाबरतो. म्हणून कागदावर शब्दांच्या शेजारी ‘इलेक्ट्रम’ असे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे.

शब्दांनंतर पासवर्ड विचारला जातो आणि या दोहोंत गल्लत होते. पासवर्ड केवळ या संगणकावरची वॉलेटची फाइल कुलूपबंद करतो. पासवर्ड विसरला तरी शब्द असतील तर वॉलेट परत उभे करता येते. शब्द हरवले आणि पासवर्डही विसरला तर काही करता येत नाही. आणि शब्द दुसऱ्याला मिळाले तर त्याला आपल्या पासवर्डची गरजच पडत नाही. टेलिग्रामवर ‘सपोर्ट टीम’ म्हणवून घेणारा जो कुणी पडताळणीसाठी बारा शब्द मागतो तो चोरच असतो, यात अपवाद नाही, कारण कोणत्याही खऱ्या कामासाठी विकासकाला ते शब्द लागत नाहीत.

रक्कम घेणे सोपे आहे. ‘रिसीव्ह’ या भागात नवा पत्ता तयार करायचा. तो साधारणपणे ‘बीसी१क्यू’ या अक्षरांनी सुरू होतो. तो एक्सचेंजच्या पैसे काढण्याच्या पानावर चिकटवायचा. काही ॲपांमध्ये क्रिप्टो बाहेर पाठवण्याची सोयच नसते, म्हणून खरेदी करण्याआधी हे पाहून घ्यावे. इलेक्ट्रम केवळ बिटकॉइनसाठी आहे. इथर, टेथर किंवा दुसरे नाणे त्यात ठेवता येत नाही. प्रत्येक वेळी नवा पत्ता वापरावा, जुना पत्ता बाद होत नाही, पण एकच पत्ता सगळीकडे दिला तर आपले सारे व्यवहार एकमेकांना जोडून पाहणे कुणालाही सोपे जाते. आकडा वाचताना एकक बघावे. एका बिटकॉइनमध्ये १० कोटी सातोशी असतात आणि इलेक्ट्रम सुरुवातीला रक्कम मिलिबिटकॉइनमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या हजाराव्या भागात दाखवते. खालच्या पट्टीत ‘२.५’ दिसले म्हणजे अडीच बिटकॉइन आले असे नव्हे. हे एकक सेटिंगमध्ये बदलता येते आणि पहिल्याच दिवशी ते आपल्या सवयीचे करून घेतलेले बरे.

पाठवण्याच्या पडद्यावर मात्र थांबून विचार करावा. पत्ता हाताने टंकित करताना एखादे अक्षर चुकले तर भिण्याचे फारसे कारण नाही, कारण पत्त्यातच चूक ओळखणारी काही अक्षरे असतात आणि इलेक्ट्रम असा पत्ता नाकारते. खरा धोका आहे तो चुकलेल्या पत्त्यापेक्षा बदललेल्या पत्त्याचा. संगणकात शिरलेला एक प्रकारचा घातक प्रोग्राम क्लिपबोर्डवर नजर ठेवून असतो. तुम्ही बिटकॉइनचा पत्ता कॉपी केला की चिकटवताना त्याच्या जागी चोराचा पत्ता येतो, आणि तो पत्ता नियमांनुसार अगदी वैध असल्यामुळे कुठलीही सूचना मिळत नाही. म्हणून चिकटवल्यानंतर पत्ता मूळ पत्त्याशी ताडून पाहावा, केवळ पहिली चार अक्षरे नव्हे, मधली व शेवटचीही. रक्कम मोठी असेल तर आधी थोडीशी पाठवावी, ती पोचल्याचे समोरच्याकडून कळले की उरलेली.

‘पे’ म्हटल्यावर इलेक्ट्रम व्यवहार मांडून दाखवते आणि इथे पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण गोंधळतात. आपण एकाला पैसे पाठवतो आहोत, मग व्यवहारात दोन पत्ते का? याचे कारण बिटकॉइन हा बँकेसारखा शिलकीचा आकडा कमी-जास्त करत नाही. तुमच्याकडे आलेली प्रत्येक रक्कम वेगळी राहते आणि ती खर्च करताना पूर्ण खर्च करावी लागते. किराणा दुकानात ३२० रुपयांच्या सामानासाठी ५०० ची नोट दिली की दुकानदार १८० सुटे परत देतो, तसेच इथे. फरक इतकाच, की सुटे परत देणारा समोरचा नसतो. वॉलेट स्वतःच त्या व्यवहारात दुसरा पत्ता घालते, तो आपलाच नवा पत्ता असतो आणि उरलेली रक्कम तिथे येते. इलेक्ट्रम हे पत्ते वेगळ्या रंगाने दाखवते, त्यामुळे कोणती रक्कम बाहेर जाते आणि कोणती परत येते ते स्पष्ट दिसते. ‘अॅड्रेसेस’ आणि ‘कॉइन्स’ हे भाग ‘व्ह्यू’ मेनूतून सुरू केले की कोणकोणत्या रकमा कुठे आहेत तेही पाहता येते आणि कोणती रक्कम खर्चायची हे स्वतः निवडता येते.

फीविषयी दोन गैरसमज फार आढळतात. फी पाठवलेल्या रकमेच्या टक्क्यांत ठरत नाही. व्यवहार बाइटमध्ये किती जागा घेतो यावर ती ठरते. एक रक्कम आत आणि दोन बाहेर असा साधा व्यवहार आजच्या पत्त्यांमध्ये सुमारे १४१ आभासी बाइट (फी मोजण्यासाठी वापरले जाणारे जागेचे एकक) घेतो, म्हणजे दर आभासी बाइटला १० सातोशी दर असेल तर फी १,४१० सातोशी. पाठवायची रक्कम हजार रुपयांची असो की कोटीची, फी तीच. दुसरा गैरसमज असा, की फी इलेक्ट्रम घेते. ती जाते आपल्या संगणकांच्या बळावर नवे ब्लॉक तयार करून त्यांत व्यवहार घालणाऱ्या खाणकामगाराकडे (मायनरकडे). सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, त्यातली जागा मर्यादित असते, म्हणून गर्दीच्या वेळी दर चढतात. २० एप्रिल २०२४ ला, ज्या दिवशी खाणकामगारांना प्रत्येक ब्लॉकमागे मिळणारे नव्या बिटकॉइनचे बक्षीस निम्मे झाले, त्या दिवशी एका व्यवहाराची सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. काही हजार रुपयांची रक्कम पाठवणाऱ्याने अशा दिवशी थांबणेच योग्य.

फी कमी लावून व्यवहार अडकला तरी हातपाय गाळण्याची गरज नसते. ‘हिस्टरी’ मध्ये त्या व्यवहारावर उजवी टिचकी मारली की फी वाढवण्याचा पर्याय मिळतो आणि जुन्या व्यवहाराच्या जागी जास्त फी असलेला नवा व्यवहार जातो. पुष्टी मिळेपर्यंत हे करता येते. व्यवहार एका ब्लॉकमध्ये आला की एक पुष्टी झाली आणि त्यानंतरच्या प्रत्येक ब्लॉकने एकेक वाढते. मोठ्या रकमेसाठी सहा पुष्टी होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, थांबण्याचा प्रघात आहे.

ज्या संगणकावर आपण ईमेल वाचतो, मुलांचे खेळ चालतात आणि नाना प्रोग्राम उतरवले जातात, त्याच संगणकावर गुप्त संख्या ठेवणे ही इलेक्ट्रमची सर्वांत कच्ची बाजू आहे. आणि हा दोष कोणत्याही डेस्कटॉप वॉलेटचा आहे. त्यावर इलेक्ट्रमने दिलेले उत्तर मला फार चांगले वाटते. दोन संगणक घ्यायचे. एक जुना लॅपटॉप, ज्याला इंटरनेट कधीच जोडायचे नाही. वॉलेट आणि बारा शब्द तिथे. रोजच्या संगणकावर केवळ ‘मास्टर पब्लिक की’ टाकून ‘वॉच-ओन्ली’ वॉलेट तयार करायचे. या दुसऱ्या वॉलेटला शिल्लक दिसते, नवे पत्ते तयार करता येतात, व्यवहार मांडता येतो, सही मात्र करता येत नाही. मांडलेला व्यवहार पेन ड्राइव्हवर किंवा क्यूआर कोडने जुन्या लॅपटॉपवर न्यायचा, तिथे सही करायची, सही झालेली फाइल परत आणायची आणि जाळ्यावर पाठवायची. गुप्त संख्या इंटरनेटला कधी शिवतच नाही. हीच सोय कमी कटकटीने हवी असेल तर लेजर किंवा ट्रेझरसारखे हार्डवेअर उपकरण इलेक्ट्रमला जोडता येते; सही त्या उपकरणात होते, आणि कोणत्या पत्त्यावर किती रक्कम जाते ते उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर वाचून मगच बटण दाबायचे असते. संगणकाचा पडदा खोटे दाखवत असला तरी त्या छोट्या पडद्यावर खरे दिसते. अनेक जण न वाचताच बटण दाबतात आणि मग उपकरणासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

भारतात राहणाऱ्यांसाठी कराची नोंद हा वेगळा विषय आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के दराने कर आणि त्यावर उपकर लागतो. खरेदीची किंमत वगळता दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही कापला जातो. एक्सचेंजवर तो एक्सचेंज कापते, पण ओळखीच्या माणसाकडून थेट विकत घेतल्यास ठरलेल्या मर्यादेपुढे तो कापण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. एक्सचेंजवरून स्वतःच्या इलेक्ट्रमकडे रक्कम आणणे ही विक्री नव्हे, कारण मालक तोच राहतो. अडचण पुढे येते. चार वर्षांनी ती रक्कम विकताना खरेदीची किंमत दाखवावी लागते आणि इलेक्ट्रमला ती माहीत नसते. त्याला फक्त रक्कम आली एवढेच कळते. म्हणून एक्सचेंजची खरेदीची पावती जपावी आणि ‘हिस्टरी’ मध्ये त्या व्यवहारापुढे किंमत, तारीख व एक्सचेंजचे नाव लिहून ठेवावे. ही यादी सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढता येते. मात्र असे लिहिलेले शेरे वॉलेटच्या फाइलीत राहतात, बारा शब्दांत नाहीत. नुसत्या शब्दांवरून वॉलेट परत उभे केले तर रकमा येतात, शेरे येत नाहीत. त्यामुळे वर्षातून एकदा वॉलेटच्या फाइलीचीही प्रत काढावी. लाइटनिंग, म्हणजे दोघांमध्ये चॅनेल उघडून ब्लॉकचेनबाहेर झटपट व्यवहार करण्याची सोय, वापरणाऱ्यांनी नुसत्या शब्दांवर विसंबू नये, कारण त्या चॅनेलची चालू स्थिती शब्दांतून परत येत नाही.

शेवटची अडचण घरच्यांची. बँकेत, डीमॅट खात्यात किंवा विम्यात वारसाचे नाव लावता येते. इथे नामनिर्देशनाची सोय नाही आणि न्यायालयाचा आदेश दाखवला तरी ब्लॉकचेन काही ऐकत नाही. बारा शब्द आधीच कुणाला देऊन ठेवले तर तो आज पैसे काढू शकतो, आणि कुणालाच सांगितले नाही तर ते माणसाबरोबर जातात. व्यवहार्य मार्ग असा, की शब्द असलेला बंद लखोटा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि मृत्युपत्रात शब्द न लिहिता केवळ लखोटा कुठे आहे व कोणत्या प्रोग्रामचा आहे एवढे लिहावे, कारण मृत्युपत्र पुढे न्यायालयात दाखल झाले तर ते अनेकांच्या नजरेखालून जाते. लॉकरमध्ये प्रवेश कुणाला मिळेल हेही बँकेत ठरवून ठेवावे. आणि नवरा, बायको किंवा मुलगी यांपैकी एकाला तरी, शे-दोनशे रुपयांच्या एका वेगळ्या वॉलेटवर, शब्दांवरून वॉलेट उभे करून रक्कम दुसरीकडे पाठवण्याचा सराव एकदा करून द्यावा.